पाळी थांबते, यकृताचं कवच जातं

राहाता तालुक्यातल्या लोणीचं नाव सहकारी साखरेशी जोडलेलं. म्हणून तिथे फॅटी लिव्हर म्हटलं की बोट आधी चहातल्या साखरेकडे जातं. अगदीच चूक नाही, पण निम्मा खेळ हार्मोन्सचा.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की साठवलेली चरबी सुटते आणि रक्तावाटे यकृतात उतरते. त्यात यकृताचा चावटपणा असा: ‘साखर बनवणं थांबव’ हा इन्सुलिनचा निरोप ते ऐकत नाही, ‘चरबी बनव’ हा मात्र पाळतं. या चरबीने यकृताची सूज वाढली की तिथल्या तारकापेशी जाग्या होऊन कोलॅजेन विणू लागतात. हाच व्रण, म्हणजे फायब्रोसिस. लेप्टिन हे हार्मोन तारकापेशींना चिथावतं; अ‍ॅडिपोनेक्टिन आणि इस्ट्रोजेन ही हार्मोन्स आवरतात. म्हणून पाळी थांबल्यावर बायकांचा धोका वाढतो. पीसीओएस हा अंडाशयाचा हार्मोन-विकार असेल तर त्याआधीच.

अंगकाठी बारीक म्हणून निर्धास्त राहू नका. वरून सडपातळ, आत चरबी, हा भारतीय देह पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच दाखवलाय.

व्रण किती, हे ताडायला वय, एएसटी व एएलटी ही यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-4’ हा आकडा काढतात. पासष्टीच्या आत 1.3 पेक्षा कमी आला, तर गंभीर व्रणाची शक्यता कमी.