ग्रंथपाल पाहिजे, पण कसा?

कायद्याच्या विद्यापीठाचे ग्रंथालय सांभाळायला नुसती पुस्तकांची आवड पुरत नाही. बंगळूरसारख्या शहरात तर या पदाला मोठी परंपरा आहे आणि आज मोठी परीक्षाही.

विद्यापीठांच्या नोकरीच्या जाहिरातींमध्ये प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, कुलसचिव अशी पदांची लांबलचक यादी असते आणि तळाशी एक लहानशी ओळ असते : ग्रंथपाल, पदसंख्या एक. वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवरून सहज पुढे जाते. पुस्तके द्यायची, परत घ्यायची, तारखेचा शिक्का मारायचा, एवढ्यासाठी डॉक्टरेट कशाला हवी आणि तज्ज्ञांच्या समितीपुढे मुलाखत कशाला, असेही अनेकांना वाटते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा राखणदार, ही आपल्याकडची समजूत तशी जुनीच आहे.

कायद्याच्या ग्रंथालयात मात्र ही समजूत महागात पडू शकते. ती कशी, हे समजून घ्यायला एका कलमाची गोष्ट पुरेशी आहे.

तळटीप कोणी वाचली नाही

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घरोघरी माहीत झाले. श्रेया सिंघल या तरुणीने या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. विषय तिथेच संपायला हवा होता. पण तो संपला नाही. पुढची कित्येक वर्षे देशातल्या पोलीस ठाण्यांत याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. २०२१ मध्ये ही बाब पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायमूर्तींनाही धक्का बसला.

असे का व्हावे? महान्यायवादींनी त्या वेळी एक साधी गोष्ट न्यायालयाच्या नजरेस आणली. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम ६६-अ जसेच्या तसे होते आणि ते रद्द झाल्याची नोंद होती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरातल्या टिपेत! अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. आणि हे कलम जिथे छापले जाईल तिथे ते रद्द झाले आहे, हे वाचकाला स्पष्टपणे कळले पाहिजे.

एका तळटिपेवर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. कायद्याच्या ग्रंथपालाचे काम नेमके इथे सुरू होते. कपाटातले कोणते पुस्तक जिवंत आहे आणि कोणते केवळ इतिहास म्हणून ठेवले आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

जुने टाकता येत नाही, नवे थांबत नाही

इतर विषयांच्या ग्रंथालयात जुनी आवृत्ती बाजूला काढून नवी ठेवली की बरेचसे काम भागते. कायद्याचे तसे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. बोलीभाषेत मुरलेले ‘चारसोबीस’ आता ३१८ मध्ये गेले. म्हणून जुनी संहिता रद्दीत घालावी काय? मुळीच नाही. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू आहे आणि असे खटले अजून कितीतरी वर्षे चालतील. नव्या कलमाचा अर्थ लावतानाही जुन्या कलमावरचे शेकडो निवाडे चाळावेच लागतात. म्हणजे दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वाचकाचा घोटाळाही होऊ द्यायचा नाही.

निवाड्यांचेही असेच. व्ही. व्ही. चितळे यांच्या नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जाडजूड खंड वकिलांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत. १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ची मालिका सुरू झाली. पुढे संगणकावरील खासगी माहितीसाठे आले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले सुमारे ३४ हजार निवाडे संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले केले. पण निवाडा सापडणे वेगळे आणि तो आज टिकून आहे की नाही हे कळणे वेगळे. आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा १९७६ चा निकाल कोणालाही सापडेल. मात्र तो २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुसून टाकला, हे ज्याला ठाऊक नाही त्याची न्यायालयात फजिती ठरलेली.

त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलर दंड केला. संगणकाने रचून दिलेले, कधीच न झालेले खटले त्यांनी आपल्या निवेदनात दिले होते. खुद्द बंगळूरमध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस दिलेला एक आदेश लगेच मागे घेतला गेला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. अशा काळात ‘हे खरे कशावरून?’ असे विचारायला शिकवणारा माणूस ग्रंथालयात हवा.

बंगळूरचा वारसा

देशातले पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठ बंगळूरचेच. कर्नाटक सरकारच्या १९८६ च्या कायद्याने ‘नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी’ स्थापन झाली आणि १९८८ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली. संस्थापक संचालक डॉ. एन. आर. माधव मेनन यांनी बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि व्याख्याने ऐकून, टिपणे पाठ करून परीक्षा देण्याची वहिवाट मोडली. प्रत्येक विषयात विद्यार्थ्याने स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा, असा शिरस्ता पडला. साहजिकच वर्गाइतकेच महत्त्व ग्रंथालयाला आले. नागरभावीच्या आवारातील हे ग्रंथालय आज श्री नारायणराव मेलगिरी यांच्या नावाने ओळखले जाते. याच वळणावर पुढे देशात दोन डझनांहून अधिक विधी विद्यापीठे उभी राहिली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. त्या प्रत्येकीला कधी ना कधी हाच प्रश्न सोडवावा लागतो : ग्रंथपाल कसा निवडायचा?

योगायोग असा, की या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर ज्यांच्या आयुष्यात मिळते, ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनीही आयुष्याची अखेरची वर्षे बंगळूरमध्येच घालवली. १९६२ मध्ये त्यांनी इथे ग्रंथालयशास्त्राचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी इथेच त्यांचे निधन झाले.

गणिताचा मास्तर ग्रंथपाल झाला

मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद नव्याने निर्माण केले तेव्हा सुमारे नऊशे अर्ज आले होते, असे सांगतात. रंगनाथन तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. ग्रंथालयाविषयी त्यांची माहिती काय, तर मुलाखतीच्या आधी विश्वकोशात वाचलेला एक लेख! तरीही निवड त्यांची झाली. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या एकांताला इतके कंटाळले, की कॉलेजात परत घ्या म्हणून सांगायला गेले. तेव्हा तोडगा निघाला, की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग ठरवा. तिकडे त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली आणि ते परतले ते या कामाचे होऊनच. त्यांची पंचसूत्री पुढे जगभर शिकवली जाऊ लागली. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये, हे त्यातले एक सूत्र कायद्याच्या ग्रंथालयाला किती लागू आहे, हे सुनावणीच्या आदल्या रात्री निवाडा शोधणाऱ्या वकिलाला विचारावे!

मराठी मुलखाशी नाते असलेले उदाहरण याच्याही आधीचे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणायचे होते. त्यांनी १९१० मध्ये थेट अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन या अनुभवी ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डेन तीन वर्षे राहिले. त्यांनी राज्यातल्या माणसांसाठी प्रशिक्षण वर्ग चालवला आणि ते परत गेले तरी काम थांबले नाही.

मद्रासने अनुभव नसलेला पण शोधक बुद्धीचा माणूस घेतला आणि त्याला शिकवले. बडोद्याने शिकलेला माणूस आणला आणि त्याच्याकडून इतरांना शिकवून घेतले. वाटा वेगळ्या असल्या तरी निवडल्यावर त्या माणसावर खर्च करण्याची आणि त्याला अधिकार देण्याची तयारी दोन्हीकडे होती.

वकील की ग्रंथालयतज्ज्ञ?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठ ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, याच क्षेत्रातली डॉक्टरेट, ग्रंथालयातील किंवा अध्यापनाचा दहा वर्षांचा अनुभव आणि नव्या तंत्राचा उपयोग करून सेवा सुधारल्याचा पुरावा, अशा अटी आहेत. वेतनश्रेणी चौदावी, सुरुवातीचे मूळ वेतन १ लाख ४४ हजार २०० रुपये. निवड समिती प्राध्यापकासाठी असते तशीच. फक्त तज्ज्ञांमध्ये एक जण प्रत्यक्ष काम करणारा ग्रंथपाल असावा लागतो.

या अटींत कायद्याच्या पदवीचा उल्लेख नाही. अमेरिकेतील वकील संघटनेच्या मानकांनुसार विधी ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे कायद्याची आणि ग्रंथालयशास्त्राची अशा दोन्ही पदव्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे दोन्ही पदव्या असलेला उमेदवार मिळणे कठीण. मग समितीपुढे पेच पडतो. कायदा जाणणारा घ्यावा, तर त्याला वर्गीकरण, अंदाजपत्रक आणि कर्मचारी सांभाळण्याची सवय नसते. ग्रंथालयतज्ज्ञ घ्यावा, तर रद्द झालेला निवाडा आणि केवळ वेगळा ठरवलेला निवाडा यांतला फरक त्याला शिकावा लागतो.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग मुलाखतीतच आहे. पदव्या कागदावर दिसतातच; समितीने प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगावे. एखादे कलम देऊन त्याची आजची स्थिती शोधायला लावावी. पैसे अपुरे असताना कोणता माहितीसाठा ठेवाल आणि कोणता बंद कराल, हे विचारावे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तेच पुस्तक त्याच दिवशी कसे द्याल, हेही विचारावे. मुद्रित साहित्य दृष्टिहीनांपर्यंत पोहोचवण्यासाठी झालेला माराकेश करार २०१४ मध्ये जगात सर्वप्रथम भारताने मंजूर केला, याची आठवण या प्रश्नाला पुरेशी आहे.

मुलामुलींसाठी एक वाट

पदवीनंतर काय, असा प्रश्न घरात असेल तर या क्षेत्राचा विचार करायला हरकत नाही. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्र विद्यालय आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. ज्यांनी आधी कायद्याची पदवी घेतली आहे, पण न्यायालयातल्या वादविवादात ज्यांचा जीव रमत नाही, त्यांनी तर या वाटेकडे जरूर पाहावे. दोन्ही पदव्या असलेली माणसे थोडी आहेत आणि त्यांची गरज वाढते आहे.

तळटिपेकडे कोणाचे लक्ष जात नाही, तसेच जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीकडेही जात नाही. पण उद्याचे न्यायाधीश आणि वकील ज्या टेबलाशी बसून कायदा शिकणार, ते टेबल कोणाच्या हाती सोपवायचे, हे त्या एका ओळीतूनच ठरत असते.