बंदिवानाचें पाणी

अमरकोशांत उदकाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘जीवन’ हाहि एक शब्द आहे. त्याचें मर्म लातूरकरांस सन २०१६ च्या उन्हाळ्यांत पुरतें उमगलें. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण आटलें. मार्चमध्यें पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारावी लागली. आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर चालून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी लातुरास पोहोंचली.

त्या दिवसांत शहरांतील मनुष्य निदान धडपड तरी करूं शकत होता. टँकरपुढें घागर घेऊन उभें राहावें, शेजाऱ्याच्या विंधनविहिरीचें पाणी मागावें, अगदींच न निभल्यास मुलाबाळांस आजोळीं धाडावें. ह्यांपैकीं एकहि वाट ज्यास मोकळी नसते, असा मनुष्य म्हणजे तुरुंगांतील बंदी. नांदेड व लातूर ह्या दोन्ही ठिकाणीं जिल्हा कारागृहें आहेत. आंत असलेल्यानें नळास येईल तें प्यावें. दुसरी निवड नाहीं.

गुन्हेगारांची एवढी चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु २०२२ च्या अखेरीस देशांतील दर चार बंद्यांपैकीं सुमारें तिघे न्यायाधीन होते. म्हणजे त्यांचा अपराध अद्याप सिद्धच झाला नव्हता. शिवाय न्यायासन कैद सांगतें तेव्हां तें मनुष्याचें स्वातंत्र्य हिरावतें. दूषित पाण्याची शिक्षा कोणत्याहि कलमांत नाहीं. तुरुंगाच्या दारांत मूलभूत हक्क संपत नाहींत, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं सुनील बत्रा प्रकरणांत स्पष्ट केलें. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ मध्यें स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ सांगतात कीं, बंद्यास हवें तेव्हां पिण्याचें पाणी मिळालें पाहिजे.

पाणी मिळालें म्हणजे तें निर्दोष असतेंच असें नव्हे. नांदेड जिल्ह्यांत किनवटकडील भूगर्भांतील पाण्यांत फ्लोराइड आढळतें. भारतीय मानकाप्रमाणें तें लिटरमागें १ मिलिग्रॅमच्या आंत असावें. दुसरा उपाय नसल्यास फार तर १.५. अधिक झाल्यास दांत डागाळतात, पुढें हाडें आखडतात. आणि पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. जंतूंसाठीं क्लोरीन घालतात. पण तें टाकींत घालून भागत नाहीं, शेवटच्या नळाशीं लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम उरलें पाहिजे. म्हणून परीक्षा टाकीची नव्हे, बराकींतील नळाची व्हावी. दाटीवाटीनें राहणारे शेंकडों लोक एकाच टाकीवर अवलंबून असतां, एक दोष सर्वांस एकदम बाधतो.

उलट, पाणी चांगलें असल्यास भिंतींच्या आंतील माणसेंहि वांचतात. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें कहर केला. जवळच्या निर्धनगृहांत (वर्कहाउस) ५३५ माणसें होतीं. तेथें पटकीनें अवघे पांच दगावले. त्या गृहास स्वतःची विहीर होती, हें कारण डॉक्टर जॉन स्नो ह्यांनीं दाखवून दिलें.

तेव्हां सुशिक्षितांनीं एवढी मागणी तरी करावी कीं, कारागृहाच्या पाण्याची तपासणी नियमानें व्हावी आणि तिचा निकाल सर्वांस वाचतां यावा. आपल्या घरांतहि अंथरुणास खिळलेले आजोबा व पाळण्यांतील मूल आपण देऊं तेंच पाणी पितात. त्यांस शुद्ध पाणी देणें आपण उपकार मानीत नाहीं, कर्तव्य मानतों. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या शिरीं तीच जबाबदारी.