जुन्या गाडीचा एसी : आधी व्हॉल्व्ह पाहा

जुन्या गाड्यांच्या एसीतला आर-१२ गॅस मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पर्यंत बाद झाला. आता आर-१३४ए भरतात. त्यासाठी जुन्या व्हॉल्व्हवर अ‍ॅडॉप्टर बसवतात. पण आतली पिन अडकलेली असेल तर गॅस जात नाही किंवा गळत राहतो.

कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे : जुना गॅस हवेत न सोडता मशीनने काढा. प्रेशर शून्य झाल्यावरच पिन खोला व नवी घाला. निघत नसेल तर जोर न करता व्हॉल्व्हच बदला. ऑइल, ओ-रिंग, ड्रायरही नवे घाला. व्हॅक्यूम धरतो का पाहा, मगच गॅस भरा.

गाडीमालकांनी जुनी पिन मागून पाहावी. गळका व्हॉल्व्ह झाकून घेतलेली मजुरी हलाल कमाई नव्हे.