सालगडी की किलोवर वेचणी?

16 जुलै 2021, दुपारचा 1. दहावीचा निकाल लागला आणि वेबसाइट उघडेचना! तुम्ही किंवा तुमच्या ताई-दादाने तेव्हा रिफ्रेश मारत दुपार घालवली असेल. विद्यार्थी 15 लाखांहून जास्त, त्यात प्रत्येकाच्या घरचे दोन-तीन मोबाइल. साइट तासन् तास अडकली.

वर्षभर सामसूम आणि एका तासात झुंबड. अशा कामाला सर्व्हर ठेवायचे तरी किती?

उत्तर आपल्या वर्ध्याच्या शेतातच आहे. सालगडी ठेवला की काम असो-नसो, वर्षाचे पैसे ठरलेले. कापूस फुटला की मात्र वेचणीला मजूर लावतो आणि मजुरी किलोवर देतो. ‘सर्व्हरलेस’ म्हणजे ही किलोवरची वेचणी. सर्व्हर असतातच, पण ते क्लाउड कंपनी सांभाळते. तुम्ही फक्त छोटं फंक्शन लिहायचं. विनंती आली की ते चालतं, गर्दी झाली की त्याच्या प्रती वाढतात आणि बिल वापराइतकंच येतं. अ‍ॅमेझॉनने 2014 मध्ये ‘लॅम्डा’ ही अशी सेवा आणली; गूगल, मायक्रोसॉफ्टकडेही ती आहे.

‘मायक्रोसर्व्हिस’ म्हणजे कामाची वाटणी. निकाल दाखवणं एकाकडे, गुणपत्रिकेची पीडीएफ दुसऱ्याकडे, एसएमएस तिसऱ्याकडे. पीडीएफ अडली तरी निकाल दिसतो.

पण थांबा. वेचायला 100 मजूर आले आणि वजनकाटा एकच असेल, तर रांग काट्यापाशी लागणारच. इथे तो काटा म्हणजे डेटाबेस. फंक्शन भराभर वाढतात, डेटाबेस तेवढी कनेक्शन्स झेलत नाही. म्हणून निकालासारखी न बदलणारी माहिती आधीच कॅशमध्ये ठेवायची आणि एसएमएससारखं थांबू शकणारं काम क्यूमध्ये टाकायचं.

मर्यादाही आहेत. बराच वेळ पडून असलेलं फंक्शन उठायला क्षणभर घेतं, त्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. लॅम्डाचं साधं फंक्शन एका वेळी 15 मिनिटांपर्यंतच चालतं. आणि दिवसरात्र एकसारखं काम असेल, तर सालगडीच स्वस्त पडतो!

मग या रविवारी करून बघा. रोल नंबर टाकला की गुण दाखवणारं एक फंक्शन, डेटा खोटाच घ्या. लॅम्डावर महिन्याला 10 लाख विनंत्यांचा मोफत कोटा आहे. फक्त खातं उघडल्यावर पहिलं काम बिलाचा अलार्म लावण्याचं. मग एकाच वेळी 50, 100, 200 विनंत्या सोडा आणि रांग कुठे लागते ते शोधा. मुलाखतीत ‘सर्व्हरलेस येतं का?’ विचारलं, तर व्याख्या सांगू नका, ही रांग कशी सोडवली ते सांगा.