‘पूर्ती’ की ‘प्रतिस्थापन’? : टेस्टोस्टेरॉन-उपचार थांबविण्याच्या संदर्भात एक परिभाषाविचार

शास्त्रीय परिभाषेतील एखाद्या शब्दावर विसंबून सामान्य माणसे निर्णय घेऊ लागली, म्हणजे त्या शब्दाची अर्थच्छटा तपासून पाहणे अगत्याचे ठरते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची उणीव असता ते बाहेरून देण्याच्या उपचाराचे नाव हे याचे एक उदाहरण होय. ‘रिप्लेसमेंट’ या त्या नावातील इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘पूर्ती’ आणि ‘प्रतिस्थापन’ असे दोन पर्याय संभवतात. पूर्ती म्हणजे असलेल्यात उणे असेल तेवढ्याची भर घालणे. प्रतिस्थापन म्हणजे असलेले बाजूला सारून त्याच्या जागी दुसरे आणणे. उपचार चालू असेतोवर हा भेद फारसा जाणवत नाही. उपचार थांबविला की मात्र तो केवळ शब्दांचा राहत नाही.

टेस्टोस्टेरॉन हे नाव 1935 साली अस्तित्वात आले. अॅम्स्टरडॅम येथे अर्न्स्ट लाकर यांच्या सहकाऱ्यांनी वळूच्या वृषणांतून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि ‘टेस्टिस’, ‘स्टेरॉल’ व ‘कीटोन’ या तीन शब्दांचे अंश जोडून त्याला हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलपासून ते प्रयोगशाळेत घडविले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. या इतिहासातील महत्त्वाचा भाग असा की, प्रयोगशाळेत घडलेले द्रव्य आणि शरीरात घडलेले द्रव्य रासायनिक दृष्ट्या एकच आहे. यास्तव शरीराला आपले व परके असा भेद करता येत नाही. पुढील सारे घोटाळे यातूनच उद्भवतात.

वृषणे आपल्या मर्जीने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग थांबून थांबून एक संप्रेरक सोडतो. त्याची रचना शाली यांच्या प्रयोगशाळेने 1971 मध्ये निश्चित केली आणि अशा संशोधनाबद्दल शाली व गियमँ यांना 1977 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्या संप्रेरकामुळे पोष ग्रंथी एल.एच. व एफ.एस.एच. ही दोन संप्रेरके रक्तात सोडते, व त्यांच्या आज्ञेने वृषणांत अनुक्रमे टेस्टोस्टेरॉन व शुक्रजंतू यांची निर्मिती चालते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू आज्ञा आवरती घेतो. गच्चीवरील टाकी भरताच तरंगता गोळा वर येऊन विहिरीवरचा पंप बंद व्हावा, तशी ही योजना आहे. आता त्या टाकीत कोणी रोज टँकरचे पाणी ओतू लागला, तर गोळा वरच राहील आणि पंप चालूच होणार नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर नेमके हेच घडते: आज्ञा थांबतात, वृषणे आकाराने लहान होतात, शुक्रजंतूंची संख्या घटते, कित्येकदा शून्यावर येते. म्हणजे स्वतःचे होते त्यात भर पडत नाही. स्वतःचे होते तेही बव्हंशी बंद पडते. ही पूर्ती नव्हे, प्रतिस्थापन होय.

आता टँकर येणे बंद झाले असे समजावे. कातडीवर रोज लावावयाच्या जेलचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. दहा ते चौदा आठवड्यांनी टोचावयाच्या अनडेकॅनोएटचा ओसरण्यास कित्येक आठवडे लागतात. मात्र दीर्घकाळ बंद राहिलेला पंप त्याच दिवशी पूर्ववत चालू होत नाही. या मधल्या काळात थकवा, उदासपणा, कामेच्छेचा अभाव, झोपेतील व्यत्यय, क्वचित अंगाची लाही होणे, अशी लक्षणे दिसतात. रोगी त्यांचा अर्थ लावतो तो असा: ‘औषध सोडताच मी खचलो, अर्थी मला त्याची खरीच गरज होती.’ हा अर्थ बरोबर असू शकेल, पण तो लक्षणांवरून सिद्ध होत नाही. एकच चिन्ह येथे दोन भिन्न गोष्टींचे वाचक आहे: मूळ आजाराचे, आणि उपचारामुळे आलेल्या तात्पुरत्या स्तब्धतेचे. औषध सोडल्यानंतर लगेच केलेल्या रक्ततपासणीतील कमी आकडाही तितकाच द्व्यर्थी असतो. ज्यांना प्रारंभी नीट तपासणीवाचून, केवळ शक्तिवर्धक म्हणून हे औषध मिळाले, त्यांच्या बाबतीत हा चुकीचा अर्थ आयुष्यभराच्या परावलंबनास कारण होऊ शकतो.

स्तब्धता किती काळ टिकते? पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून टेस्टोस्टेरॉनचे जे प्रयोग झाले, त्यांतील तीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. औषध थांबविल्यावर शुक्रजंतूंची संख्या दर मिलिलिटरला दोन कोटींवर परतण्याची शक्यता सहा महिन्यांत 67 टक्के, बारा महिन्यांत 90 टक्के, सोळा महिन्यांत 96 टक्के आणि चोवीस महिन्यांत 100 टक्के आढळली. उपचार अल्पकाळ चाललेला असेल व औषध लवकर ओसरणारे असेल, तर परतणे अधिक लवकर घडले. एका शुक्रजंतूच्या घडणीसच सुमारे 74 दिवस लागतात, हे पाहता या विलंबाचे आश्चर्य वाटावयास नको. परंतु हे पुरुष मुळात निरोगी होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

म्हणूनच औषध कशासाठी सुरू झाले होते हा प्रश्न निर्णायक ठरतो. क्लाइनफेल्टर यांनी 1942 साली वर्णिलेल्या विकारात एक्स गुणसूत्र अधिक असते व वृषणांचीच क्षमता उणी असते. तेथे औषध सोडणे म्हणजे उणीव परत ओढवून घेणे, आणि कालांतराने हाडेही ठिसूळ करून घेणे होय. याउलट स्थूलतेमुळे पातळी उतरली असेल, तर वजन घटविल्याने स्वतःची निर्मिती वाढू शकते. कधी थांबणे अपरिहार्यही असते: अपत्याची इच्छा असता, अथवा रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण 54 टक्क्यांपलीकडे गेले असता. अशा वेळी काही रोग्यांना वैद्य एचसीजी देतात, ते एल.एच.चेच काम करून वृषणांना थेट जागे करते. पण हे वैद्याच्या देखरेखीखालीच घडावयास हवे.

थांबणे म्हणजे सर्वस्वी मागे जाणे असेही नाही. वाढलेले स्नायू व तांबड्या पेशी हळूहळू उतरतात. आवाज मात्र परतत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू जाड होतात, व किशोरवयात पुरुषाचा स्वर सुमारे एक सप्तक खाली येतो. स्त्रीदेह घेऊन जन्मलेल्या व पुरुष म्हणून जगण्यासाठी हे औषध घेतलेल्या व्यक्तींनी ते सोडल्यास मासिक पाळी सामान्यतः परत येते, परंतु खाली आलेला आवाज तसाच राहतो.

तात्पर्य, या उपचारास ‘पूर्ती’ म्हणणे कानाला गोड असले तरी दिशाभूल करणारे आहे. ‘प्रतिस्थापन’ हा शब्द जड खरा. पण औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी रोग्यास जे कळावयास हवे, ते त्यात सामावलेले आहे: हे तुमच्या असलेल्यात मिळवले जाणार नाही, त्याच्या जागी येईल. आणि ते काढून घेतल्यावर ती जागा भरण्यास, मुळात भरण्याजोगी असेल तर, महिने लागतील.