‘बेगम बर्वे’ आवडलं की नाही?

बेंगळुरूतल्या आमच्या नाटकवेड्या मराठी मित्रमंडळींत ‘बेगम बर्वे’चा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. सतीश आळेकरांचं हे नाटक १९७९ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं केलं. संगीत नाटकांत स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांना जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे आता उतारवयात उदबत्त्या विकतो, मालक श्यामरावचा जाच सोसतो. मनातून मात्र अजून नायिकाच आहे. दोन कारकुनांच्या स्वप्नात तो त्यांच्या कल्पनेतली नलावडेबाई होऊन शिरतो आणि खरं काय, खोटं काय, ते उमगेनासं होतं.

नाट्यसंगीतावर वाढलेले काही जण नाटकातल्या जुन्या नाट्यपदांनी हळवे होतात, तर काहींना त्या पदांची थट्टा वाटते. तरुणांपैकी कुणी म्हणतं, काही कळलंच नाही. कुणाला शेवटची क्रूरता सोसवत नाही. मला ती क्रूरता अत्यावश्यक वाटते. चंद्रकांत काळेंनी गात-गात उभा केलेला बर्वे तर मराठी रंगभूमीवरचं मोठं काम. हिंदीत अमाल अल्लानांच्या दिग्दर्शनाखाली मनोहर सिंह बर्वे झाले होते.

पदं ओळखीची नसतील, तर आधी बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जरूर ऐका आणि मग संहिता वाचा.