मग घरी काय वाईट होतं?

मंडळी, रॉक संगीताचा नाद असलेल्या माणसाला घरची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "घरी एवढ्या कॅसेटी आहेत, सीडी आहेत. तीच गाणी ऐकायला एवढे पैसे मोजून त्या गर्दीत कशाला जायचं?" या प्रश्नाची मला सवय होती. पण एकदा तो एका जाणकार माणसाने विचारला आणि माझी बोलती बंद झाली. तो जाणकार म्हणजे माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्या भावंडांचा दादा. या संगीताची गोडी मला लावली ती त्यानेच.

आम्ही मिरजेचे. मिरज हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं ऐकणारी माणसं आमच्या घरात होती. अशा घरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस दादाने मुंबईच्या एका मित्राकडून 'डीप पर्पल' या इंग्लिश बँडचं 'मेड इन जपान' कॅसेटवर भरून आणलं. मूळ रेकॉर्ड दोन तबकड्यांची, सव्वा तासाची. कॅसेट होती साठ मिनिटांची. मित्राने ड्रमवादनाचा 'द म्यूल' हा तुकडा गाळला, तरी शेवटचं 'स्पेस ट्रकिन' पुरं बसेना. शब्द संपून वाद्यं रंगात यायला लागली की टेप संपायची आणि खट्कन बटण वर यायचं. पुढे काय वाजवलं असेल यावर आमची तासन् तास चर्चा चाले. ते गाणं मी शेवटपर्यंत ऐकलं ते सीडी आल्यावर.

१८ फेब्रुवारी २००७ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर रॉजर वॉटर्सचा कार्यक्रम झाला. वॉटर्स म्हणजे 'पिंक फ्लॉइड' या बँडच्या संस्थापकांपैकी एक. उत्तरार्धात तो 'द डार्क साइड ऑफ द मून' हा आख्खा अल्बम ओळीने सादर करणार होता. मी दादाला आग्रह करून मिरजेहून बोलावून घेतलं. कार्यक्रम संपला तेव्हा मी हवेत तरंगत होतो. परतताना लोकलमध्ये दादा म्हणाला, "छान झालं. पण रेकॉर्डवर आहे तसंच वाजवलं रे. मग घरी काय वाईट होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढे बरीच वर्षं ते शोधत राहिलो. आजचं बोलणं म्हणजे दादाला दिलेलं उत्तरच समजा.

आधी अल्बम म्हणजे काय ते पाहू. 'बीटल्स'चा पहिला अल्बम घ्या. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी लंडनच्या स्टुडिओत त्यातली दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. रंगमंचावर जे रोज वाजवत होते तेच मायक्रोफोनसमोर वाजवलं. म्हणजे रेकॉर्ड ही कार्यक्रमाची सावली होती. आपल्याकडेही तसंच होतं. मैफलीत तास-दीड तास चालणारा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवताना गवयाला त्याचा अर्क काढावा लागे. तबकडी ही मैफलीची आठवण असे. मैफलीची जागा घेणं हे तिचं काम नव्हतंच.

पुढे बीटल्सची लोकप्रियता इतकी वाढली की कार्यक्रमात गाणं ऐकू येईना. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार माणसं जमली होती. गायकांचा आवाज पोचवायला खेळाची घोषणा करण्याची स्टेडियमची यंत्रणा, आणि गिटारींसाठी शंभर वॅटचे अँप्लिफायर. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर आज प्रत्येक स्टेजवर असतात, ते तेव्हा नव्हते. किंकाळ्यांच्या त्या कल्लोळात ड्रम वाजवणारा रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणं कुठवर आलं याचा अंदाज घेत असे. एक वर्षाने, २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले.

मग ते स्टुडिओत शिरले. पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात करणाऱ्या या चौघांनी 'सार्जंट पेपर' या १९६७च्या अल्बमसाठी जवळजवळ पाच महिने घेतले. हे शक्य झालं मल्टिट्रॅक यंत्रामुळे. एकाच टेपवर चार समांतर पट्टे. एका पट्ट्यावर ड्रम भरले की ते ऐकत दुसऱ्यावर गाणं भरायचं. चार पट्टे भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एका पट्ट्यावर उतरवायचे, की पुन्हा तीन मोकळे. या अल्बमच्या शेवटच्या गाण्यासाठी चाळीस वादकांचा वाद्यवृंद बोलावून त्याचं वादन अनेकदा एकावर एक भरलं गेलं. चार माणसांनी स्टेजवर हे गाणं तसंच्या तसं वाजवणं तेव्हा अशक्यच होतं. इथे रेकॉर्ड ही सावली राहिली नाही. ती स्वतंत्र कलाकृती झाली.

दादाचा प्रश्न खरा इथून सुरू होतो. रेकॉर्ड इतकी परिपूर्ण झाल्यावर कार्यक्रमाने करायचं काय?

याचं एक उत्तर आमच्या त्या तुटक्या कॅसेटमध्येच होतं. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या गावी अल्बम करायला गेले होते. ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण ठरलं होतं, तिथे ४ डिसेंबरला फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे दारूकामाचं पिस्तूल, उडवलं आणि कॅसिनो जळून गेला. सरोवरावर पसरलेल्या त्या धुरावर बँडने जे गाणं केलं ते आज गिटार हातात घेणारं प्रत्येक पोर आधी शिकतं: 'स्मोक ऑन द वॉटर'. जागाच गेल्यामुळे शेवटी ग्रँड हॉटेलच्या रिकाम्या मार्गिकांत, आवाज घुमू नये म्हणून गाद्या लावून, 'मशीन हेड' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. मार्च १९७२ मध्ये तो बाजारात आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँडने जपानमध्ये तीन कार्यक्रम केले. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ला टोकियो. यांतून 'मेड इन जपान' तयार झालं. त्यातल्या सात गाण्यांपैकी चार 'मशीन हेड'मधलीच. म्हणजे तीच माणसं, तीच गाणी, मध्ये अवघे आठ महिने. आणि फरक पाहा. 'स्पेस ट्रकिन' अल्बमवर साडेचार मिनिटांचं आहे, जपानमध्ये ते वीस मिनिटांच्या घरात गेलं. दुसऱ्या एका जुन्या गाण्यात गायक इयान गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर समोरासमोर येतात. गिटारने एक फिरत घ्यायची, गळ्याने तिला उत्तर द्यायचं. हे तर आपले सवाल-जवाबच! स्टुडिओतल्या मूळ गाण्यात ही जागाच नाही. ती रोज वाजवता वाजवता सापडली.

ब्लॅकमोर उद्या हीच फिरत घेईल याची खात्री नाही, त्या क्षणी ती चुकणारच नाही याचीही नाही. स्टुडिओत चुकलेलं पुन्हा भरता येतं. स्टेजवर हात फिरवायला दुसरी संधी नसते. ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जातो तो या धोक्यामुळे. मैफलीत समेवर येणाऱ्या गवयाकडे आपण डोळे लावून बसतो, त्यातला हा प्रकार.

आता पिंक फ्लॉइडकडे वळतो, कारण दादाची तक्रार त्यांच्या अल्बमबद्दल होती. 'डार्क साइड' मार्च १९७३ मध्ये बाहेर आला. पण तो स्टेजवर जन्मला त्याच्या वर्षभर आधी. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटनला तो पहिल्यांदा वाजवला गेला आणि तांत्रिक बिघाडामुळे मध्येच सोडून द्यावा लागला. त्यानंतर वर्षभर कार्यक्रम होत गेले आणि त्यांच्या जोडीने स्टुडिओतलं कामही. पहिल्या कार्यक्रमांत ज्या ठिकाणी गिटार आणि कीबोर्डची मोकळी बढत होती, तिथे पुढे सिंथेसायझरचा धावता तुकडा आला. एका तुकड्यावर जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचूनच गळा मोकळा सोडला, आणि आज तो तुकडा तिच्या आवाजावाचून कल्पनेत येत नाही. म्हणजे इथे कार्यक्रम आधी, अल्बम नंतर. श्रोत्यांसमोर घासून-पुसून जे टिकलं ते रेकॉर्डवर आलं.

म्हणून दादा, तुझं निरीक्षण बरोबर होतं. वॉटर्सने जवळपास रेकॉर्डसारखंच वाजवलं. पण या अल्बममध्ये गाण्यांचा क्रम, घड्याळांचे टोल, हृदयाचे ठोके हे सगळंच रचनेचा भाग आहे. ते बदललं तर रचना मोडते. आपण संगीत नाटकाला जातो तेव्हा कथा पाठ असते, पदंही पाठ असतात. तरी जातो, आणि आवडत्या पदाला 'वन्स मोअर' देतो. माहीत असलेली गोष्ट हजारो माणसांच्या सोबतीने पुन्हा घडताना पाहणं, हाही एक अनुभव असतो. घरी ती सोबत नसते.

शिवाय मैदानावर गाणं पोचवणं हीच एक विद्या आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला ड्रमवर पडलेली काठी दिसते आधी, आणि ठोका ऐकू येतो पाव सेकंदाहून जास्त उशिराने. म्हणून मैदानात मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरांना आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा पुरवतात. तसं केलं नाही तर पुढचा आणि मधला असे दोन आवाज कानांवर आदळतील. हे काम नीट झालं तर त्याचा पत्ताही लागत नाही. त्या रात्री आम्हाला तो लागला नाही, हीच त्या अनामिक तंत्रज्ञांना पावती.

तेव्हा नव्याने ऐकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तिकीट काढण्यापूर्वी विचार करा, हा बँड गाणं मोडून नव्याने मांडणारा आहे, की बांधलेली रचना उभी करणारा? एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा धरली की निराशा ठरलेली. आणि सुरुवात करायची तर आधी 'मशीन हेड' ऐका, मग लगेच 'मेड इन जपान'. एका संध्याकाळी दोन्ही होतील. जे मी इतका वेळ बोललो ते तुम्हाला आपोआप कळेल.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत 'कोल्डप्ले' या बँडचे तीन कार्यक्रम झाले. दादाची नात एका कार्यक्रमाला गेली होती. मिरजेला आल्यावर तिने आजोबांना फोनवर भरून आणलेला दोन मिनिटांचा तुकडा ऐकवला. आवाज फाटलेला, चित्र हललेलं, आणि गायकापेक्षा तिचा स्वतःचा बेसूर आवाजच मोठा. मी मनात म्हटलं, आता दादा विचारणार, मग घरी काय वाईट होतं?

दादाने तो तुकडा तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा तो मध्येच खट्कन संपला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोघेही हसलो. मग नातीकडे वळून म्हणाला, "हं, पुढे काय झालं ते सांग."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)